मॅक्स रोचचा ड्रम आणि आज्याचं डफडं

पुतण्या ड्रम वाजवतो. वस्तीतल्या पोरांचा बँड आहे. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत सराव चालतो आणि दर रविवारी शेजारीपाजारी शिव्या घालतात. परवा मोबाईल घेऊन माझ्यापुढं बसला. म्हणाला, "काका, मॅक्स रोच कुठला सेट वाजवायचा? झांज कुठली? किती इंची? तसा सेट जमवला तर तसा आवाज येईल का?"

मी म्हटलं, "नाही येणार."

पोरगं हिरमुसलं. मग माझं मलाच वाटलं की नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. प्रश्न वाईट नव्हता. सामानाला तुच्छ लेखायची फॅशन आपल्यातल्या शहाण्यांनी दुसरीकडून उसनी आणलीय. "सामानात काय आहे, प्रतिभा महत्त्वाची," असं म्हणणाऱ्याच्या घरात तीन पिढ्यांपासून पेटी असते, तानपुरा असतो, शिकवायला मास्तर येतो. त्याला काय कळणार सामान म्हणजे काय. ज्याच्या घरात पुस्तक नव्हतं त्यालाच पुस्तकाचं वजन कळतं. म्हणून दोस्तांनो, सामानाबद्दल बोलूच. पण बोलायचं तर पुरतं बोलू. ते कोणाच्या हातात कसं आलं, कोणाच्या हातून का काढून घेतलं, हेही बोलू.

१७३९ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ढोल बडवत निघाले होते. उठाव चिरडला गेला, आणि पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथल्या गोऱ्या मालकांनी कायदा केला : गुलामांनी ढोल ठेवायचा नाही, शिंग ठेवायचं नाही, मोठा आवाज करणारं कुठलंच वाद्य ठेवायचं नाही. मालकाला बरोबर कळलं होतं. ढोल म्हणजे नुसती करमणूक नाही, ढोल म्हणजे निरोप. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जाणारा. ढोल गेला तेव्हा काळ्यांनी मांड्यांवर ताल धरला, टाळ्या धरल्या, जमिनीवर पाय आपटले. ताल अंगात गेला. अंगावर बंदी घालणारा कायदा मालकाला सुचला नाही.

आता आपल्याकडं बघा. आपल्याकडं उलटं झालं. त्यांच्या हातातून ढोल काढून घेतला, आपल्या गळ्यात तो बांधला. माझा आजा मराठवाड्यातल्या गावात डफडं वाजवायचा. पोळ्याला वाजव. पाटलाच्या पोराच्या लग्नात वाजव. गावातलं मढं निघालं की पुढं चालत वाजव. "आज नाही वाजवत" म्हणायची सोय नव्हती. विस्तवावर कातडं शेकून ताणायचं, वाजवायचं, आणि पंगत उठल्यावर लांब बसून पदरात पडेल ते घ्यायचं. आज्याचा हात काय होता हे गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. पण त्या हाताला कोणी कलावंत म्हटलं नाही. हात विटाळाचा होता, फक्त आवाज चालत होता.

बाबासाहेबांनी सांगितलं, गावकीची कामं सोडा. आमच्या बापानं सोडली. १९५६ नंतर आमच्या घरातलं डफडं आढ्याला टांगलं गेलं ते पुन्हा खाली आलं नाही. बाप मुंबईत गिरणीत लागला. लग्नाच्या वरातीत बँड वाजला तरी तो खाली मान घालून चालायचा. त्याला नाव ठेवायची माझी लायकी नाही. त्याचं बरोबर होतं. जे वाजवणं 'नाही' म्हणू देत नाही, ते सोडणं हीच पहिली लढाई होती.

पण मग हा पुतण्या? याच्या हातात पुन्हा काठ्या आल्या आहेत. आमच्यातलेच काही म्हणतात, "पुन्हा बडवाबडवी? शिकून साहेब हो." हा प्रश्न माझ्या घरातला आहे, आणि याचं उत्तर शोधताना मी मॅक्स रोचकडं जातो.

मॅक्स रोच १९२४ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मला. चार वर्षांचा असताना आईबाप त्याला घेऊन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आले. दक्षिणेतल्या जाचातून उत्तरेच्या शहरात येणाऱ्या लाखो काळ्यांपैकी ते एक घर. आपला बाप गाव सोडून मुंबईला आला, तसंच. पोरगं चर्चमध्ये ताल धरायला शिकलं. १९४२ च्या सुमारास, शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं हे पोर ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आजारी ड्रमरच्या जागी बसलं. २६ नोव्हेंबर १९४५ ला चार्ली पार्करनं 'को-को' रेकॉर्ड केलं तेव्हा ड्रमवर रोच होता. वय २१. मिनिटाला ३०० च्या आसपास मात्रा धावतात. ऐकून बघा. एवढ्या वेगातही तो माणूस घाईत नाही.

आता सामान. ड्रमसेट हे तरणं वाद्य आहे, जेमतेम शंभरसव्वाशे वर्षांचं. लष्करी बँडचा मोठा ढोल आणि तारा लावलेला स्नेअर, तुर्कस्तानातून आलेल्या झांजा, चिनी टॉम, असा सगळ्या जगाचा गोळा. आधी हे वाजवायला दोन-तीन माणसं लागायची. १९०९ मध्ये लुडविगनं नीट चालणारं पायपेडल काढलं आणि एका माणसाचं काम झालं. पायानं मिटणाऱ्या-उघडणाऱ्या दोन झांजांची हाय-हॅट १९२० च्या दशकात आली. झांजा म्हणाल तर झिल्जियनच्या. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका आर्मेनियन कारागिराच्या घराण्यानं सुरू केलेला धंदा. धातू म्हणजे कासं, ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. टाळ वाजवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ढोल म्हणाल तर ग्रेचचे. ही कंपनी १८८३ साली ब्रुकलिनमध्येच निघाली. रोचच्या वस्तीत रोचचा ढोल घडत होता. पुढं कंपनीनं कमी उंचीच्या एका स्नेअरला त्याचं नावही दिलं.

मोठ्या नाचाच्या बँडमध्ये पायाखालचा ढोल २६, २८ इंची असायचा. त्याचं काम एकच : नाचणाऱ्यांना दर मात्रेला धप धप ठोका द्यायचा. बॉपवाल्या पोरांनी तो २० इंचावर आणला. केनी क्लार्कनं ताल ढोलावरून उचलला आणि वरच्या राइड झांजेवर नेला. रोचनं ते पुढं नेलं. ताल झांजेवर वाहता राहिला आणि पाय मोकळा झाला. मोकळा पाय मधेच बोलायला लागला, अडवायला लागला, उलट उत्तर द्यायला लागला. ढोल तो चढे लावायचा, एकेक सुटा ऐकू यावा म्हणून. ड्रमर ठोके देणारा हमाल राहिला नाही. बोलणारा माणूस झाला. त्या काळात सगळी कातडी वासराची असायची, दमट हवेत सैल पडायची. प्लास्टिकचं कातडं बाजारात आलं ते १९५७ च्या सुमारास. म्हणजे आज्याच्या डफड्याचं जे दुखणं होतं तेच रोचच्या ढोलाचं होतं.

आणि हे सगळं काही आकाशातून पडलेली प्रतिभा नव्हे. १९४४ साली अमेरिकन सरकारनं जिथं नाच आणि गाणं चालतं अशा जागांवर ३० टक्के कर बसवला, मग तो २० वर आणला. मालकांनी नाच बंद केला, गायक बंद केले. छोटे नुसत्या वाद्यांचे बँड उरले. लोक खुर्चीत बसून ऐकायला लागले. सरकारनं पैशासाठी जे केलं त्यातून वाजवणाऱ्यांनी स्वतःची जागा काढली. न्यूयॉर्कमध्ये क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं. थेलोनियस मंकचं कार्ड काढून घेतलं, बिली हॉलिडेचं काढून घेतलं. वाजवणारा माणूस पोलिसांच्या मर्जीवर जगायचा. हे ज्याला माहीत नाही तो जाझबद्दल 'मुक्त आविष्कार' वगैरे लिहितो. लिहू दे.

मी रोचला मोठा मानतो तो हातासाठी मानतोच, पण तेवढ्यासाठी नाही. त्यानं वाजवणं सोडलं नाही, वाजवण्याच्या अटी बदलल्या. १९५२ साली चार्ल्स मिंगस आणि त्यानं 'डेब्यू' नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. वाजवणार आम्ही तर विकणारही आम्ही. १९६० साली न्यूपोर्टच्या बड्या जाझ महोत्सवात पैशांची आणि मानाची वाटणी बघून दोघांनी त्याच गावात, त्याच दिवसांत, बंडखोरांचा वेगळा महोत्सव उभा केला. आपण त्यांच्या साहित्य संमेलनाकडं पाठ फिरवून आपलं वेगळं भरवलं तेव्हा काही परदेशी पुस्तक वाचून भरवलं नव्हतं. जो बाहेर उभा असतो त्याला ही वाट आपोआप सुचते.

त्याच १९६० च्या १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरोमध्ये चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या बाकावर जाऊन बसले. २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसं गोळ्या घालून मारली. ऑगस्ट-सप्टेंबरात रोचनं 'वुई इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ सूट' रेकॉर्ड केला. 'आम्ही हट्टानं मागतो.' विनंती अर्ज नाही. मुखपृष्ठावर फोटो : खानावळीच्या काउंटरवर बसलेले काळे तरुण, मान वळवून सरळ आपल्याकडं बघतायत. शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे, आवाज अ‍ॅबी लिंकनचा. पहिलं गाणं गुलामांच्या मुकादमावर. पाच मात्रांचा ताल, आणि फेरीच्या तोंडाला एक कोरडा कडक फटका. चाबूक. सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स, पंचावन्न वर्षांचा म्हातारा गडी, पोरांच्या बंडात येऊन उभा. पुढं नायजेरियाचा ओलातुंजी आणि त्याचे आफ्रिकी ढोल. जो ढोल १७४० साली कायद्यानं काढून घेतला होता तो २२० वर्षांनी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत परत आला.

मधल्या तुकड्यात फक्त दोन माणसं आहेत, रोचचा ड्रम आणि अ‍ॅबीचा गळा. आधी प्रार्थना, मग निषेध, मग शांती. निषेधाच्या भागात शब्दच नाहीत. बाई मिनिटभर नुसती किंचाळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेप बंद केली होती. वस्तीत रात्री ऐकलेले आवाज आठवले. इथं मला रोचच्या भक्तांना एक टोचायचंय. रेकॉर्डवर नाव मोठ्या अक्षरात त्याचं आहे, पण त्या मिनिटाचा भार त्या बाईनं उचललाय. आणि मारही तिलाच पडला. १९६१ मध्ये तिची स्वतःची रेकॉर्ड आली तेव्हा 'डाउन बीट' मासिकाच्या गोऱ्या समीक्षकानं लिहिलं की ही धंदेवाईक निग्रो झालीय. ओळखीचं वाटतं का? "किती दिवस तेच ते रडगाणं? दलितपणाचं भांडवल करता." आपल्या कवींना हे ऐकवणाऱ्यांचे बाप सगळीकडं सारखेच. रोच आणि अ‍ॅबी गप्प बसले नाहीत. १९६२ मध्ये त्याच मासिकाच्या चर्चेत समोरासमोर बसून त्यांनी जाब विचारला. आपल्या चळवळीतही बायकांच्या किंकाळीवर पुरुषांची नावं छापली गेली आहेत. रोचचं कौतुक करताना हा हिशेबही मांडा.

१९ मे १९६१. कार्नेगी हॉलमध्ये माइल्स डेव्हिसची मैफल, एका आफ्रिका-मदत संस्थेसाठी. ती संस्था वसाहतवाल्यांच्या बाजूची आहे असं रोचचं मत होतं. हा जगप्रसिद्ध ड्रमर हातात फलक घेऊन स्टेजच्या कडेला जाऊन बसला. आफ्रिका आफ्रिकनांची. माइल्स त्याचा जुना दोस्त, तरी बसला. रखवालदारांनी उचलून बाहेर काढला. दोस्ती एकीकडं, प्रश्न एकीकडं. आपल्यात किती जणांना जमेल? आपल्यात तर नेत्याच्या स्टेजवर खुर्ची मिळाली की प्रश्न खिशात जातो.

आणि आता पुतण्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर. १९६६ ला 'ड्रम्स अनलिमिटेड' निघाली. तीत तीन तुकडे निव्वळ ड्रमचे, दुसरं वाद्य नाही. त्यातला 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' ऐक, पोरा. तीन मात्रा. पहिलीवर पायाखालचा ढोल, दुसरी-तिसरीवर हाय-हॅट. पाय एवढंच करत राहतात, म्हातारीच्या जात्यासारखं, आणि वर हात गोष्ट सांगतात. बोलतात, थांबतात, मागचं वाक्य पुन्हा धरतात. जगभरचे ड्रमर आजही हा तुकडा गिरवतात. बिल ब्रुफर्डसारख्या रॉकमधल्या ड्रमरनं १९८५ मध्ये तो रेकॉर्ड केला. पुढं रोच 'मिस्टर हाय-हॅट' नावाचा तुकडा करायचा, जो जोन्स या आपल्या वडीलधाऱ्याच्या नावानं. सगळा सेट बाजूला. एक स्टँड, दोन झांजा, दोन काठ्या. दांडीवर वाजवायचा, कडेवर वाजवायचा, मिटून, उघडून. तेवढ्यावर भरलेलं थिएटर गप्प बसवायचा. सामानाचं मोल त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याला कमी सामान पुरायचं.

१९७० मध्ये त्यानं 'एम'बूम' काढला, सगळे तालवाद्यवालेच. १९७२ पासून तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवायला लागला. त्याच १९७२ मध्ये इकडं मुंबईत ब्लॅक पँथरचं नाव घेऊन आपली पोरं रस्त्यावर उतरली होती. १९८३ ला न्यूयॉर्कच्या गल्लीत पोरं टेबलावर रेकॉर्डी घासून गाणी करायला लागली होती, आणि जाझवाले म्हातारे नाकं मुरडत होते. साठीला आलेला रोच फॅब फाइव्ह फ्रेडी या रॅपरबरोबर, ब्रेक नाचणाऱ्या पोरांबरोबर स्टेजवर चढला. त्याला दिसलं होतं की ज्यांना शाळेत वाद्यं मिळाली नाहीत त्यांनी हाताला लागलं त्यातून वाद्य केलं. मांड्यांवर ताल धरणाऱ्यांचीच ही नातवंडं. १९८८ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. २००७ मध्ये तो गेला. २०२२ ला 'फ्रीडम नाऊ सूट' अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत घातला गेला. हट्टानं मागणाऱ्याला मेल्यावर सरकारी कपाटात ठेवतात, ही जुनी रीत. पण २०२५ मध्ये टेरी लिन कॅरिंग्टन या काळ्या बाईनं, स्वतः ड्रमर, क्रिस्टी डॅशियल या गायिकेला बरोबर घेऊन तो सूट कपाटातून काढला आणि नव्यानं वाजवला. मला विचाराल तर रोचचा वारसा त्या यादीत नाही, तो इथं आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बापानं डफडं टांगलं ते बरोबर, आणि पुतण्यानं काठ्या घेतल्या तेही बरोबर. दोन्ही एकाच लढाईची कामं आहेत. गुलामी वाजवण्यात नव्हती, हुकमावर वाजवण्यात होती. 'नाही वाजवत' म्हणायचा हक्क ज्याच्या हातात आहे त्याचा हात विटाळाचा नाही, भाड्याचाही नाही. उद्या कोणी संस्कृतीवाला वस्तीत येईल, पोरांच्या डोक्याला फेटे बांधेल, लोककला म्हणून स्टेजवर उभी करेल आणि जाताना हजार-पाचशे हातावर ठेवेल. तेव्हा विचारा : कार्यक्रम कोणाचा, तिकिटाचे पैसे किती, नाव कोणाचं छापणार, आणि जेवायला आम्ही कुठं बसायचं? उत्तर मिळालं नाही तर काठ्या पिशवीत घाला आणि घरी या.

आणि आपल्या मंडळांनाही सांगतो. जयंतीला डीजेच्या भिंती लावायला लाख लाख गोळा होतात. त्यातलं थोडं काढून वस्तीत एक सेट घ्या, जुना का होईना. खोलीला आतून गोधड्या लावा म्हणजे आत आवाज कमी घुमेल. पोरांना बसवा. पोरींनाही बसवा, आणि पोस्टरवर त्यांचं नाव खाली ढकलू नका.

पुतण्याला मी एवढंच म्हटलं, "तो सेट नको शोधू. आहे त्याच्यावर तीन मात्रा धर. पाय चुकू देऊ नकोस. मग हातानं काय सांगायचंय ते ठरव."

म्हणाला, "काका, आढ्यावरचं आज्याचं डफडं अजून आहे का हो?"

गावी फोन केला. आहे. कातडं फाटलंय, कडं शाबूत आहे. या उन्हाळ्यात घेऊन येतोय. माझा बाप आज असता तर काय म्हणाला असता, याचा विचार करत चार रात्री झोप नाही. पण आणतोय.

जयभीम.